इलेक्ट्रिक गाडीत स्टेपनी दिलेली नाही, मग आपली आपण कशी ठेवायची

इंदूरच्या आतल्या आत, राजेंद्रनगर ते पलासिया ते विजयनगर एवढंच फिरणं असेल तर इलेक्ट्रिक गाडीत स्टेपनी नसली तरी काही अडत नाही, चौकाचौकात पंक्चरवाला आहे, रोडसाइड असिस्टन्सवाले पण येतात. अडतं ते बाहेर पडल्यावर. इथल्या मराठी घरांचं निम्मं गणगोत नाशिक-पुणे-मुंबईकडे, लग्न, मुंज, दिवाळी, काही ना काही चालूच असतं, आणि त्यासाठी ए. बी. रोडने मानपूर, खलघाट, जुलवानिया, सेंधवा आणि मग बिजासन घाट ओलांडून शिरपूर-धुळे हाच रस्ता. त्या रस्त्यावर रात्री टायरची बाजू फाटली तर कंपनीने पंक्चरसाठी दिलेली ती सीलंटची पांढरी बाटली काहीच कामाची नाही, आणि गाडीत म्हातारी माणसं, लहान मुलं असतील तर टो गाडीची वाट बघत रस्त्याच्या कडेला बसायचं म्हणजे काय ते ज्याच्यावर आलंय त्यालाच विचारा. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण स्टेपनी ठेवणं अवघड नाहीये पण चुकीची स्टेपनी ठेवणं किंवा डिक्कीत नुसती टाकून ठेवणं हे स्टेपनी नसण्यापेक्षा वाईट आहे.

कंपन्या देत का नाहीत ते आधी थोडक्यात. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केला, त्यानुसार साडेतीन टनांपर्यंतच्या आणि ड्रायव्हर धरून नऊ सीटपर्यंतच्या गाडीला ट्यूबलेस टायर, टायरमधली हवा दाखवणारी सिस्टिम आणि पंक्चर रिपेअर किट असेल तर स्टेपनी सक्तीची नाही. इलेक्ट्रिक गाडीत फ्लोअरखाली बॅटरी, काहींमध्ये मागे मोटर, त्यामुळे स्टेपनीचा जुना खड्डा उरतच नाही, शिवाय वजन कमी आणि खर्च कमी. म्हणजे कायद्याने सगळं बरोबर आहे, फसवणूक वगैरे नाही, पण तो नियम काही सेंधव्याच्या अलीकडच्या पट्ट्यात रात्री उभं राहून केलेला नाही एवढंच म्हणीन.

आता ती बाटली काय करते आणि काय नाही. सीलंट म्हणजे पातळ चिकासारखं द्रव्य, वॉल्व्हमधून आत जातं आणि खिळ्याच्या भोकातून बाहेर येता येता तिथेच घट्ट होतं. भोक टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागात असलं आणि बारीक असलं, साधारण ४ ते ६ मिमीपर्यंत, तर चालतं. बाजूची भिंत फाटली, खड्ड्याच्या कडेने टायर कापला, रिम वाकली तर सगळं सीलंट बाहेर येतं आणि टायर तसाच बसलेला. बाटलीला एक्सपायरी पण असते, छापलेली असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत ती किती तापते याचा विचार करून तारीख उलटायच्या आधीच नवीन घ्यावी. आणि एकदा सीलंट मारलं की तो टायर टायरवाल्याकडे नेताना त्याला आधी सांगायचं, नाहीतर उघडल्यावर सगळं त्याच्या अंगावर, आणि आतला प्रेशर सेन्सरही चिकटून बसू शकतो.

म्हणून माझा क्रम असा आहे. खिळा किंवा स्क्रू रस्त्याच्या बाजूला दिसतोय तर चाक न काढता ट्यूबलेसची दोरी मारायची, म्हणजे भोकात चिकट रबरी दोरी ठासायची, आणि कंप्रेसरने हवा भरायची, हे शिकायला एक दुपार पुरते आणि त्या किटला फार पैसे पण पडत नाहीत. बाजू फाटली किंवा दोरी धरत नाही तर स्टेपनी. सीलंट सगळ्यात शेवटी, जेव्हा पाऊस धो धो आणि खाली उतरून काही करणंच धोक्याचं तेव्हा. उज्जैनच्या बाजूला २०२८च्या सिंहस्थासाठी जी रस्त्यांची कामं चालू आहेत तिथे गिट्टी, तारा, खिळे यांचा त्रास जास्त, तिथे दोरीनेच काम भागतं. घाटातले आणि हायवेवरचे खड्डे मात्र टायर कापतात, तिथे स्टेपनीच पाहिजे.

कोणतं चाक घ्यायचं

खरं काम इथे आहे, आणि बहुतेक लोक इथेच घाई करतात. दुकानात गेलं की दुकानदार आपली गाडी बघतो, कोपऱ्यातून एक रिम काढतो आणि म्हणतो, "भिया, लग जाएगी, होल तो सेम है." होल सेम असणं म्हणजे पाचातली एक गोष्ट जमली. बाकीच्या चार आपल्याला बघायच्या आहेत.

सगळ्यात चांगला आणि डोक्याला ताप नसलेला उपाय म्हणजे आपल्याच गाडीचं पाचवं चाक, तीच रिम, तोच टायर, डीलरच्या स्पेअर पार्ट काउंटरवरून. महाग पडतं हे खरं. त्यातून एक वाट अशी की पुढे जेव्हा चारही टायर बदलायची वेळ येईल तेव्हा जुन्यातला सगळ्यात बरा टायर टाकायचा नाही, त्याच्यासाठी फक्त एक रिम घ्यायची. घिसलेला असला तरी नक्षी शाबूत आणि बाजूला चिरा नसल्या तर घरी पोचवायला तो पुरतो.

दुसरा उपाय म्हणजे त्याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीची लोखंडी रिम. उदाहरणार्थ टाटाच्या टियागो ईव्हीचा टायर १७५/६५ आर १४ आहे आणि हाच साइज पेट्रोल टियागोतही आलेला आहे, त्यामुळे तिथे शोधाशोध सोपी. पण पेट्रोल भावंडाची रिम म्हणून डोळे झाकून घ्यायची नाही, इलेक्ट्रिकमध्ये वजन जास्त असतं आणि कधी कधी ब्रेक पण वेगळे असतात, लावून बघायचंच.

तिसरा उपाय, बारीक टेम्पररी चाक, जे काही गाड्यांत स्टेपनी म्हणून येतं. हलकं असतं, साधारण ११ ते १३ किलो, पूर्ण साइजचं १६ इंची लोखंडी चाक १७ ते २० किलोपर्यंत जातं. ज्या गाड्यांचे टायर फार मोठे, जसं ह्युंदाईच्या आयोनिक ५ ला २५५/४५ आर २०, तिथे पूर्ण साइजचं चाक आडवं ठेवलं तरी अर्धी डिक्की खाईल, तिथे हा तिसराच उपाय व्यवहाराचा.

आता मोजायचं काय. पहिलं, नट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास, ज्याला सगळे पीसीडी म्हणतात. चार होलची रिम असेल तर समोरासमोरच्या दोन होलच्या मध्यापासून मध्यापर्यंत टेपने मोजा, १०० मिमी वगैरे येईल. पाच होल असतील तर समोरासमोर होल येतच नाही, मग शेजारच्या दोन होलच्या मध्यांमधलं अंतर मोजायचं आणि १.७०१ ने गुणायचं. ५८.८ मिमी आलं तर १००, ६३.५ आलं तर १०८, ६७.२ आलं तर ११४.३. हे शेवटचे दोन आकडे जवळ जवळ आहेत, टेप जरा वाकडी धरली तर गोंधळ होतो, म्हणून मोजमापाच्या व्हर्नियर कॅलिपरने मोजलेलं बरं, आणि आपल्या गाडीचा खरा आकडा मॅन्युअलमधून किंवा सर्व्हिस सेंटरमधून घेऊन ठेवायचा.

दुसरं, मधलं मोठं भोक. ते गाडीच्या हबपेक्षा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या गोल भागापेक्षा, लहान असेल तर चाक बसणारच नाही, मोठं असेल तर बसेल पण मध्यावर बसेलच असं नाही, नटांच्या भरवशावर राहील आणि स्टेअरिंग थरथरेल. त्यासाठी हब रिंग मिळते, ती घ्यायची.

तिसरं, ऑफसेट, रिमच्या मागच्या बाजूला ठोकलेला असतो, ईटी ४५ असा काहीसा. म्हणजे रिम किती आत किंवा बाहेर बसणार. मूळ आकड्यापासून फार लांब गेलात तर चाक आत सस्पेन्शनला घासेल नाहीतर बाहेर फेंडरला.

चौथं, टायरचा पूर्ण व्यास. हा हिशोब घरी बसून होतो, रुंदी गुणिले टक्का गुणिले दोन, अधिक रिमचे इंच गुणिले २५.४. म्हणजे २१५/६० आर १६ असेल तर २१५ चे ६० टक्के १२९, दोनदा म्हणजे २५८, अधिक ४०६, एकूण ६६४ मिमी. स्टेपनीचा व्यास याच्या दोन-तीन टक्क्यांच्या आत असावा, ६६४ ला ६४५ च्या खाली जाऊ नका. त्याहून लहान असेल तर एका बाजूचं चाक सतत जास्त फिरतं, एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरू न देणाऱ्या सिस्टिम) गोंधळतात, दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलवर ताण येतो, आणि खाली बॅटरी आहे हेही विसरायचं नाही, गाडी त्या कोपऱ्यात खाली येते.

पाचवं, आणि इलेक्ट्रिक गाडीत सगळ्यात महत्त्वाचं, वजन पेलायची ताकद. टायरवर साइजच्या पुढे एक आकडा असतो, २१५/६० आर १६ ९५ एच मधला तो ९५. हा लोड इंडेक्स. ८२ म्हणजे ४७५ किलो, ८८ म्हणजे ५६०, ९१ म्हणजे ६१५, ९५ म्हणजे ६९०. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा मॅन्युअलमध्ये प्रत्येक ॲक्सलवर (म्हणजे पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीवर) जास्तीत जास्त किती वजन चालतं ते दिलेलं असतं, त्याचं निम्मं त्या एका टायरला पेलता आलं पाहिजे. मागच्या ॲक्सलला १,१०० किलो चालत असेल तर ५५० च्या वरचा टायर, म्हणजे निदान ८८. पेट्रोल हॅचबॅकचा स्वस्तात मिळालेला टायर इथेच नापास होतो, दिसायला अगदी तसाच असतो पण वजन नाही झेलत.

लावून बघितल्याशिवाय घरी आणायचं नाही

दुकानातच, किंवा ओळखीच्या टायरवाल्याकडे, आधी पुढचं चाक काढून तिथे लावायचं कारण पुढचे ब्रेक मोठे. रिम हबवर ठेवली की ती स्वतःहून सपाट टेकली पाहिजे, हाताने दाबून हलवली तर टकटक नको. मग नट हाताने फिरवा, पान्याने नाही. हाताने सहा-सात पूर्ण वेढे तरी गेले पाहिजेत, दोन-तीन वेढ्यांत घट्ट झाला तर आटे पुरेसे धरलेले नाहीत आणि ते चाक गाडीला लावायचं नाही. नटाचं तोंडही बघायचं, शंकूसारखं निमुळतं आहे की गोलसर. कंपनीच्या अलॉयचा नट गोलसर असेल आणि लोखंडी रिमचं होल निमुळतं, तर तो नट कडेलाच टेकतो, घट्ट वाटतो आणि पुढे जाऊन सैल होतो. अशा वेळी स्टेपनीसाठी वेगळे नट घ्यायचे आणि ते पिशवीत घालून स्टेपनीलाच बांधून ठेवायचे.

मग चाक हाताने पूर्ण गोल फिरवा आणि वाकून आत बघा. ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला पकडणारा भाग) आणि रिमची आतली बाजू यात वहीचा पुठ्ठा सरकला पाहिजे, सगळीकडे, एका जागी नाही. रिमला आतून बॅलन्सिंगचे चिकट शिसे असतील तर तेच कॅलिपरला घासतात. जॅक उतरवून गाडीचं वजन चाकावर आलं की स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, आतल्या प्लॅस्टिकला लागतंय का बघा. हेच मागच्या चाकाला पण करायचं, पुढे बसलं म्हणजे मागे बसतं असं नाही, कारण काही गाड्यांत मागे हँडब्रेकची मोटर कॅलिपरला जोडलेली असते आणि ती बरीच जागा घेते. दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्या, एक चहा पाजा.

जुना टायर घेत असाल तर बाजूला चार आकडे कोरलेले असतात, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपेक्षा जुना टायर, नक्षी कितीही नवी दिसू दे, घ्यायचा नाही.

ठेवायची कुठे आणि बांधायची कशी

टपावर ठेवायची नाही हे आधी सांगून टाकतो. वाऱ्याचा विरोध वाढतो आणि हायवेवर रेंज त्यानेच खाल्ली जाते, चाकाच्या वजनाने नाही. दीड टनाच्या गाडीत १८ किलो म्हणजे एक टक्क्याच्या आसपास, रेंजमध्ये ते कळत पण नाही. बॉनेटखालच्या छोट्या कप्प्यात बहुतेक गाड्यांत चाक मावत नाही. सीटच्या मागे उभं करून ठेवणं तर अजिबात नको.

डिक्कीत, आडवं, मागच्या सीटच्या पाठीला अगदी लागून, हीच जागा. खाली रबराची चटई, म्हणजे सरकत नाही आणि डिक्कीच्या प्लॅस्टिकला ओरखडे येत नाहीत. डिक्कीत उंच-खाली करायची फळी असेल तर ती काढून चाक खालच्या पक्क्या फ्लोअरवर ठेवा, त्या फळीवर पिशव्या ठेवायच्या असतात, चाक नाही. काही गाड्यांत फळीखाली चार्जिंग केबलची जागा असते, तिथे बारीक चाक बसतं आणि केबल त्याच्याभोवती गुंडाळून राहते, हे बसलं तर सोन्याहून पिवळं.

आणि बांधायचंच. ५० च्या स्पीडला गाडी कशावर तरी आदळली तर १८ किलोचं मोकळं चाक कित्येकशे किलोच्या जोराने पुढे येतं आणि पुढे मागच्या सीटवर आपलीच मुलं आणि आई-वडील असतात. लोक म्हणतात सीट आहे ना मध्ये. सीटची पाठ प्रत्येक गाडीत एवढा मार झेलेलच असं नाही, त्यातून ती ६०:४० दुमडणारी असेल तर अजून प्रश्न.

बांधायला ट्रकवाले वापरतात तसला रॅचेटचा पट्टा घ्या, २५ मिमी रुंदीचा पुरतो, सियागंजात हार्डवेअरच्या दुकानात विचारा. नायलॉनची दोरी नको, दोन दिवसांत सैल होते. पट्टा रिमच्या भोकांतून आरपार घ्यायचा, वरून नुसता टाकायचा नाही, आणि दोन बाजूंना फ्लोअरमधल्या लोखंडी कड्यांना अडकवायचा. डिक्कीच्या बाजूला जे प्लॅस्टिकचे हुक असतात ते भाजीच्या पिशव्यांसाठी आहेत, त्यांना चाक बांधलं तर पहिल्या जोरदार ब्रेकला तुटतील. लोखंडी कड्या नसतीलच तर मागच्या सीटच्या पाठीमागे लहान मुलांच्या सीटचा वरचा पट्टा अडकवायला जे लोखंडी हुक असतात ते मजबूत असतात, पण त्या जागेवर मुलाची सीट लावलेली असेल तर ते हुक मुलासाठीच राहू द्यायचे, चाकासाठी दुसरी सोय बघायची. पट्टा ताणल्यावर चाक दोन्ही हातांनी जोर लावून ओढून बघा, गाडी हलली पाहिजे, चाक नाही.

आणखी एक गोष्ट जी कुणी विचारातच घेत नाही. बारीक स्टेपनी लावली की निघालेलं मोठं पंक्चर चाक कुठे जाणार? चिखलाने भरलेलं, रुंद, आणि डिक्कीत सहा जणांचं सामान. म्हणून निघतानाच बघा की तेवढी जागा होते का, एक जुनी चादर किंवा गोणपाट ठेवा, आणि बॅगा मऊ असू द्या म्हणजे सीटखाली, पायाशी दाबता येतात. हा त्रास नको असेल तर पूर्ण साइजची स्टेपनी.

शहरातल्या रोजच्या फिरण्यात स्टेपनी घरीच ठेवली तरी चालते, माळ्यावर नको पण, उन्हात गच्चीवर पण नको. बाहेरगावी निघायच्या आदल्या दिवशी गाडीत.

सोबत काय पाहिजे

ज्या गाडीत स्टेपनी नाही तिच्यात बहुतेक जॅक आणि पाना पण नसतो, हे रस्त्यावर कळायला नको. जॅक कात्रीचा, निदान दीड टनाचा, गाडी मोठी असेल तर दोन टनांचा. बाटली जॅक ताकदवान असतो पण टायर बसल्यावर गाडी इतकी खाली येते की तो खाली शिरतच नाही. जॅकच्या डोक्यावर ठेवायला रबराचा पॅड. क्रॉस पाना, आपल्या नटाच्या मापाचा आहे हे लावून बघितलेला. चाकांना लावायला दोन लाकडी ठोकळे. आणि एक फूट बाय एक फूट जाड प्लायवूडचा तुकडा, हा आपल्या माळव्यात हवाच, पावसाळ्यात रस्त्याच्या कडेची काळी माती अशी असते की जॅक वर जायच्या ऐवजी खाली जातो. डोक्याला लावायची बॅटरी, हातमोजे, रिफ्लेक्टर असलेलं जॅकेट, आणि त्रिकोण तर गाडीत असतोच. अलॉयला लॉक नट असेल तर त्याची किल्ली. ही किल्ली सर्व्हिसिंगनंतर वर्कशॉपमध्येच राहून जाते, परत आली का ते प्रत्येक वेळी बघा.

बदलताना इलेक्ट्रिक गाडीत वेगळं काय

आधी घरी, पार्किंगमध्ये, दिवसाउजेडी करून बघा, आणि घरात जे जे गाडी चालवतात त्या सगळ्यांनी, सुनेने, मुलीने, सासऱ्यांनी, ज्याला नट हलत नाही त्याने पान्याला पाइप लावून.

रस्त्यावर टायर बसला की गाडी जमेल तेवढी कडेला, सपाट जागी, वळणावर आणि घाटाच्या उतारावर नाही, रिम खराब झाली तरी चालेल पण हळूहळू पुढे नेऊन सुरक्षित जागी थांबा. जागाच नसेल, ट्रक अंगावरून जातायत, तर बदलायचं नाही, सगळ्यांना रेलिंगच्या पलीकडे उभं करून १०३३ ला फोन, हा राष्ट्रीय महामार्गांचा हेल्पलाइन नंबर आहे, किंवा ११२. टो करायची वेळ आली तर गाडी पूर्ण उचलून नेणाराच ट्रक मागवा, मोटरची चाकं रस्त्यावर फिरवत इलेक्ट्रिक गाडी ओढायची नाही, मोटर आणि इलेक्ट्रॉनिक्स खराब होतात.

सगळे खाली उतरले की गाडी पूर्ण बंद, डिस्प्लेवर रेडी दिसत नाही ना बघा, कारण आवाज नसतो, चालू आहे की बंद कळत नाही. पी मध्ये टाका आणि हँडब्रेक वेगळा लावा. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. पी फक्त मोटरच्या बाजूची चाकं अडवतो आणि तेही डिफरन्शियलमधून. पुढच्या मोटरच्या गाडीचं पुढचं एक चाक वर उचललं की ते हवेत मोकळं फिरतं, त्यामुळे दुसरं जमिनीवरचं चाक पण फिरू शकतं, म्हणजे पी असूनही गाडी सरकते. हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो म्हणून तो लागतो. मागचं चाक बदलताना तर ठोकळे पुढच्या चाकांनाच लावायचे. नेहमी तिरक्या समोरच्या चाकाला, पुढून आणि मागून दोन्हीकडून.

नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा वेढा सैल करा. मग जॅक, आणि जॅकची जागा मॅन्युअलमध्ये बघून आधीच पांढऱ्या पेंटने खूण करून ठेवा. दाराखालच्या पट्टीत ठरलेले मजबूत बिंदू असतात, त्यापासून थोडं आत गेलात की बॅटरीचं कव्हर, तिथे जॅक लागला तर पत्रा दबतो आणि ती दुरुस्ती स्टेपनीच्या कित्येक पट महाग. खाली केशरी रंगाच्या वायरी दिसल्या तर त्यांना हात लावायचा नाही, त्या हाय व्होल्टेजच्या. निघालेलं चाक बॉडीखाली आडवं सरकवून ठेवा, जॅक घसरला तर गाडी चाकावर येईल, बॅटरीवर नाही.

बारीक स्टेपनी असेल तर ती मोटरच्या ॲक्सलला लावू नका. पुढच्या मोटरची गाडी आणि पुढचाच टायर गेला, तर मागचं एक चांगलं चाक पुढे आणि बारीक मागे. दोनदा जॅक लावावा लागतो, वेळ जातो, पण इलेक्ट्रिक मोटरचा टॉर्क पहिल्याच झटक्याला येतो आणि पाय काढला की रीजेनने (मोटर उलटी वीज बनवत गाडी हळू करते त्याने) ब्रेक पण त्याच चाकांवर, बारीक टायर तिथे घसरतो.

नट समोरासमोरच्या क्रमाने, आधी हाताने, मग गाडी उतरवून पान्याने. मॅन्युअलमध्ये टॉर्क दिलेला असतो, बऱ्याच गाड्यांत १०० ते १४० न्यूटन मीटरच्या दरम्यान, टॉर्कचा पाना नसेल तर पहिल्या टायरवाल्याकडे थांबून बघून घ्या, आणि पन्नासेक किलोमीटरनंतर परत एकदा.

निघताना रीजेन सगळ्यात कमी, स्पोर्ट मोड बंद, क्रूझ बंद, बारीक चाकावर ८० च्या वर नाही. डिस्प्लेवर टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागलेला राहील, स्टेपनीत सेन्सर नसतो म्हणून, घाबरायचं नाही. बारीक चाकावर धुळ्याहून पुढे पुण्यापर्यंत जाऊया असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा, पहिल्या मोठ्या गावात टायर करून घ्या. तिथला टायरवाला आतून स्पंज निघाला म्हणून दचकला तर त्याला सांगा की काही इलेक्ट्रिक गाड्यांच्या टायरमध्ये आवाज कमी करायला तो चिकटवलेला असतो, पंक्चरच्या जागेपुरता कापून पॅच मारता येतो.

बाकी देखभाल एवढीच की महिन्यातून एकदा, टायर थंड असताना, स्टेपनीची हवा बघायची. बारीक टेम्पररी चाकात ६० पीएसआय लागते, नेहमीच्या टायरच्या जवळजवळ दुप्पट, टायरच्या बाजूला लिहिलेली असते, आणि पेट्रोल पंपावरचा पोरगा सवयीने ३२-३३ भरून मोकळा होतो, त्याला आकडा सांगून समोर उभं राहून भरून घ्या.